कल्हईची तार

वर्सोव्याच्या हवेला भूक फार. आमच्या सात बंगल्याच्या घरात तिने आजवर खिडक्यांच्या जाळ्या खाल्ल्या, दोन एसींच्या कॉइल खाल्ल्या, गॅलरीतल्या दांडीचे हुक खाल्ले आणि दारावरच्या पाटीचे स्क्रू खाऊन एके दिवशी आमचं आडनाव जिन्यात पाडलं. दुरुस्तीला येणारा प्रत्येक माणूस यंत्राचं झाकण उघडतो, आत एकदा बघतो आणि डॉक्टरने तंबाखूबद्दल विचारावं तशा सुरात विचारतो, "समुद्र जवळ आहे का?" मी मान खाली घालून हो म्हणतो. फ्लॅट घेताना याच हवेचे आम्ही वेगळे पैसे मोजले होते.

अशा हवेत राहणारा माणूस आपण होऊन समुद्रावर जाईल आणि तिथे तिला खायला आणखी एक वस्तू विकत घेईल, हे शक्य नाही. आमचे साडू मुलुंडला राहतात, म्हणून त्यांनी बोट घेतली.

मुलुंडकराचं पाण्याशी नातं मोठं गमतीचं. एका बाजूला डोंगर, डोंगरापलीकडे तुळशी आणि विहार तलाव. दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मिठागरांच्या पलीकडे खाडी. म्हणजे मीठ पाहिलेलं, समुद्र नाही. त्यात कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकटे निघाले आणि वाटेत चार ठिकाणी थांबून, पृथ्वीला वळसा घालून, १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने अशी फेरी पुरी करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई ५६ फुटांची आणि गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. साडूंनी त्या नऊ महिन्यांची कात्रणं जपून ठेवली होती. आम्ही समजलो, छंद आहे. पण निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात आले आणि साडूंनी दोन भागीदार गाठून २४ फुटांची, फायबरची, तिसऱ्या हाताने विकली जाणारी एक शिडाची बोट घेतली. तिच्या वयाबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नसतं. मेहुणीने एकदाच विचारलं होतं. "चांगल्या घरची आहे," असं उत्तर मिळालं.

बोट मढच्या बाजूला खाडीत उभी असते. साडू मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षाने जेट्टी आणि जेट्टीवरून तरीने मढ असा प्रवास करतात. बोटीत बसण्याआधीच माणसाचं निम्मं जग फिरून होतं. तरीचा प्रवास काही मिनिटांचा. रस्त्याने जायचं तर मालाड, मार्वे करत एवढा मोठा वळसा की त्यात मुलुंड परत आलं तरी नवल वाटायला नको.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरून परत येत होतो. अंधार पडायला लागला तसं साडूंनी पॅनेलवरचं बटण दाबलं. बटणाच्या टोकाचा इवलासा तांबडा दिवा लागला. साडू समाधानाने सुकाणूवर बसले. थोड्या वेळाने एक मोठा ट्रॉलर आमच्या इतक्या जवळून गेला की त्याच्यावर शिजत असलेल्या कालवणात कोकम घातलेलं आहे, हे मला कळलं. वरून कोणीतरी खच्चून ओरडलं. काय ओरडलं ते मी इथे लिहीत नाही. धक्क्याला लागलो तेव्हा जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने शांतपणे विचारलं, "बत्ती विझवून का आलात?"

बत्ती विझवली नव्हती. बटणाचा दिवा लागला होता, बोटीचे दिवे लागलेच नव्हते. बोटीवर बसलेल्या माणसाला आपले नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचे, दिवे दिसत नाहीत. दिसले तर उलट त्रास, डोळे दिपतात आणि पुढचा अंधार दिसेनासा होतो. ते दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतातच. आपण दिसावं म्हणून असतात.

ही गोष्ट माझ्या उपनगरी डोक्यात शिरायला वेळ लागला. दिवा म्हणजे बटण दाबलं की आपल्याला चप्पल दिसली पाहिजे, ही आमची व्याख्या. दुसऱ्यासाठी लावायच्या दिव्याची काय किंमत असते, हे लिंक रोडला कोणत्याही रिक्षाच्या मागे पाच मिनिटं राहिलं की समजतं. डावीकडे वळताना रिक्षावाला डावा पाय बाहेर काढतो. इंडिकेटर असतो, पण त्याची तार कधीच गेलेली असते, आणि पायाला वायरिंग लागत नाही.

समुद्रावर पाय काढून चालत नाही. तिथे कायदा आहे. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. १८४८ साली इंग्लंडच्या नौदल खात्याने आगबोटींना लाल-हिरवे दिवे सक्तीचे केले आणि दहा वर्षांनी ते शिडाच्या जहाजांपर्यंत आले. आज जगभर चालतो तो नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा, १९७७ पासून लागू झालेला. त्यात अंशसुद्धा मोजून दिलेत. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसला पाहिजे, मागचा पांढरा १३५ अंशांत. तिन्ही मिळून बरोबर ३६०. कुठूनही बघा, एक तरी दिवा दिसणारच; आणि कुठला दिसतो त्यावरून बोटीचं तोंड कुठे आहे ते कळणार. नुसता लाल दिसला की समोरची बोट आपल्यासमोरून डाव्या हाताला चाललीय. नुसता पांढरा दिसला की ती पाठ फिरवून चाललीय. माणसांनाही असे दिवे असते तर लग्नसमारंभात किती सोय झाली असती.

लाल कुठे आणि हिरवा कुठे, हे साडूंच्या लक्षात राहीना. इंग्रजीत यासाठी दारूची एक आठवण सांगतात, पण साडू माळकरी. मी त्यांना सांगितलं, "डाव्यांचा रंग लाल." ते त्यांना पटकन पटलं. "मग उजव्यांचा हिरवा कसा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, समुद्रावर तसंच आहे, वाद घालू नका.

शिडाची बोट सात मीटरहून लहान असेल तर याच नियमांत एक सवलत आहे. दिवे बसवणं जमत नसलं तरी हाताशी टॉर्च किंवा कंदील तयार ठेवायचा आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवायचा, बस्स. सात मीटर म्हणजे जेमतेम २३ फूट. आमची २४. एक फुटाने आम्ही टॉर्चवरून वायरिंगवर आलो.

मे महिन्यात बोट वाळूवर ओढून घेतली. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. त्याआधी कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या वर येऊन शाकारल्या जातात. त्या गर्दीच्या आत आपलं काम उरकू, असा साडूंचा बेत. मदतनीस म्हणून मी. नोकरीभर मी बँकेत व्हाउचरं तपासली. पण लहानपणी घाटकोपरच्या चाळीत उघडलेला रेडिओ पुन्हा बंद करून दाखवलेला घरातला मी एकटाच, त्या पुण्याईवर विजेचं प्रत्येक काम आजतागायत माझ्याकडे येतं. रेडिओ नंतर वाजला नव्हता, हे घरच्यांनी मोठ्या मनाने विसरून टाकलंय.

पहिला रविवार स्क्रूंत गेला. नाळेच्या दोन्ही अंगांना एकेक दिवा, प्रत्येकाला दोन स्क्रू. कधीतरी कोणीतरी पितळी दिव्याला पोलादी स्क्रू लावले होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे घरच्या घरी बॅटरी तयार. तिने गेली कित्येक वर्षं स्वतःचेच स्क्रू खाण्यात घालवली होती. डब्ल्यूडी-४० फवारलं, हातोडीने ठोकलं, लायटरने शेकलं. शेवटी एक स्क्रू निघाला, दोघांची डोकी उडाली आणि चौथ्याला ड्रिल मारावं लागलं. दुपारी दोन वाजता मढच्या वाळूवर उघड्या बोटीत बसून ड्रिल मारणाऱ्या दोन निवृत्त गृहस्थांना बघायला गावातली पोरं जमली होती. पोरांना सुट्टी होती.

दुसरा रविवार मीटरचा. बॅटरीवर मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट. पुढे दिव्याच्या जागी तारांची टोकं धरली, १२.४. "तार चांगली आहे!" साडू म्हणाले. दिवा लावला. लागला नाही, म्हणजे नीट बघायला ओंजळ धरावी इतका, उदबत्तीच्या टोकाएवढा, लागला. दिवा चालू असताना पुन्हा मोजलं. ९.१.

यातली मेख मला त्या दिवशी कळली. तारेतले धागे खंगून दोन-तीनच उरलेले असले तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. भार टाकला, खऱ्याखुऱ्या दिव्याने वीज मागितली, की तार खाली बसते. लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की सगळे नातेवाईक साडेबाराचे असतात. रात्री दवाखान्यात बसायला माणूस पाहिजे म्हटलं की नऊवर येतात. आणि साध्या दिव्याचा हिशेब व्होल्टच्या प्रमाणात चालत नाही. व्होल्ट पावभर घटले की उजेड निम्म्याच्याही खाली जातो. जाणकार सांगतात की अशा दिव्याच्या वाटेत तीन टक्क्यांपेक्षा जास्त गळती नको. १२ व्होल्टचे तीन टक्के म्हणजे ०.३६. आमच्या वाटेत साडेतीन व्होल्ट कोणीतरी खात होतं.

कोणी ते तार कापल्यावर दिसलं. वरचं आवरण ठणठणीत, लाल, जवळजवळ नवं. दिव्याजवळ एक इंच सोलली तर आत तांबं नव्हतंच. एक काळपट, ठिसूळ काहीतरी होतं, आणि जोडाच्या भोवती हिरवट निळी पूड. चिमटीत धरल्यावर बोटाला लागली. जंगाल. हा शब्द मला एकदम आठवला. आजीच्या तोंडचा, पन्नास वर्षांत वापरला नव्हता. मागे आणखी एक इंच सोललं, काळंच. आणखी एक, काळंच. एक वीत गेली, दोन वीत गेली. खारं पाणी टोकाला लागतं आणि आवरणाच्या आत धाग्याधाग्यातून चढत जातं. समईतली वात तेल ओढते तशी तार समुद्र ओढते. बाहेरून पत्ता लागत नाही. मधे एका ठिकाणी काळ्या टेपचा गोळा होता. टेप उलगडली तर आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या. हे आधीच्या मालकाच्या काळातल्या कुठल्या कारागिराचं काम. तो गाड्यांची वायरिंग करणारा असावा, कारण त्याने काही ठिकाणी परतीची तारच दिली नव्हती, एका बोल्टला बांधून सोडून दिली होती.

गाडीत हे चालतं. गाडीच्या पत्र्याला 'अर्थ' मारला की वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते, दुसऱ्या तारेची गरज नाही. बोट फायबरची. तिच्यात पत्रा नाही. मी साडूंना समजावून सांगितलं, "तुमच्या बोटीला अर्थ नाही." ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मेहुणीला मात्र वाक्य फार आवडलं.

म्हणून तार नवी, तीही दुहेरी: जाणारी आणि येणारी. साडूंच्या पुस्तकात लिहिलं होतं की समुद्रावर साधी तांब्याची तार वापरू नये, 'टिन्ड' वापरावी. आम्ही लोहार चाळीत गेलो. आता ज्यांनी लोहार चाळ पाहिली नाही त्यांना काय सांगावं. मुंबईत जेवढे दिवे लागतात त्यांची निम्मी तार त्या चार गल्ल्यांतून गेली असेल. पहिल्या तीन दुकानांत अशी तार ऐकूनसुद्धा माहीत नव्हती. चौथ्या दुकानदाराने आतून एक रीळ आणलं. सोलून दाखवलं तर आतली तार पांढरी, चंदेरी. साडू मला कोपराने ढोसून कानात म्हणाले, "ॲल्युमिनियम गळ्यात मारतोय." दुकानदाराचे कान तिखट. त्याने काही न बोलता ब्लेड घेतलं आणि एका धाग्यावरून अलगद फिरवलं. चंदेरी सालीखालून तांबं हसलं.

"कल्हई आहे साहेब," तो म्हणाला. "एकेका धाग्याला."

कल्हई! चाळीच्या आवारात भट्टी लावून बसलेला कल्हईवाला माझ्यासमोर उभा राहिला. भाता हलवायला आम्हा पोरांत मारामारी व्हायची. तो पातेलं निखाऱ्यावर फिरवून तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा; पांढरा धूर उठायचा, नाकात झणका जायचा आणि आजी वरून ओरडायची, "लांब राहा रे!" मग कथलाची कांडी तापल्या पातेल्याला नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याला एवढ्या निखाऱ्यांचं काय! टेकवलेला थेंब तो कापसाच्या बोळ्याने असा काही गरकन फिरवायचा की काळंबेरं पातेलं डोळ्यांदेखत आतून चांदीचं होई. मग पाण्यात बुडवणं, चर्र आवाज, आणि पुढचं भांडं. आजीचा कल्हईवर कटाक्ष. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी ठेवली की कळकते, ताक तर हिरवंच होतं. स्टेनलेस स्टील आलं, आणि कल्हईवाला चाळीतून कधी गेला ते आठवतही नाही. रोज येणारा माणूस यायचा बंद झाला तर लक्षात येतं. वर्षातून दोनदा येणाऱ्याचं तसं नसतं.

तर तो इतकी वर्षं लोहार चाळीत दडून बसला होता. आंबट आमटी असो की खारं पाणी, तांब्याची कथा तीच, आणि उपायही तोच. तांब्यावर कथलाचा हात. साडूंनी वीस मीटर घेतली. बिलावर दुकानदाराने इंग्रजीत काहीतरी लिहिलं, साडूंनी शेजारी पेनाने 'कल्हईची तार' लिहून घेतलं. भागीदारांना हिशेब द्यायचा होता.

परत येताना साडूंना चोरबाजारात डोकवायचं होतं. मटण स्ट्रीटला मोडीत काढलेल्या जहाजांचे जुने पितळी दिवे मिळतात, लाल काचेचे, हिरव्या काचेचे, वजनाला मुलासारखे. किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परतलो. तसले दोन दिवे आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर सिनेमावाल्यांच्या दारात आहेत, दाराच्या दोन बाजूंना. लाल-हिरवे. पूर्वी मी त्यांच्याकडे कौतुकाने बघायचो. आता बघतो की लाल चुकीच्या बाजूला आहे. सांगावं की नको, असा विचार लिफ्टमध्ये रोज येतो.

तिसऱ्या रविवारी तार ओवायची होती. जुनी तार पॅनेलपासून नाळेपर्यंत एका अरुंद पोकळीतून गेली होती. तिथे हात जात नाही, नजर जात नाही. पण ज्याने लेंग्यात नाडी घातलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधायची, दुसऱ्या बाजूने जुनी हळूहळू ओढायची. मी नाळेकडे ओढणार, साडू मागून सोडणार. "येतेय?" "येतेय." "येतेय?" "येतेय." मग माझ्या हातात एकदम हलकं झालं. जुनी तार मध्येच तुटली, खंगलेलीच होती. नाडी लेंग्याच्या पोटात गेल्यावर घरात जी शांतता पसरते, ती बोटीत पसरली. शेवटी वाळूवर बघत बसलेल्या एका पोराला आत घातलं. दहा वर्षांचा असेल. तो नाळेच्या कपाटात पाल शिरावी तसा शिरला आणि दोन मिनिटांत तारेचं टोक हातात घेऊन बाहेर आला. त्याला आम्ही एक हापूस दिला. त्याने दोन मागितले.

जोडांच्या वेळी माझा आणि साडूंचा तात्त्विक मतभेद झाला. माझ्या मते जोड म्हणजे झाळ, डाग दिल्याशिवाय जोड नाही. पुस्तकाच्या मते बोटीवर झाळ नको. कथील-शिशाने धागे एकजीव होऊन ताठ होतात. बोट सतत थरथरत असते, आणि तार मोडते ती नेमकी झाळ संपते तिथे. त्यापेक्षा तारेच्या टोकावर धातूचा लग दाबून पंच करावा, वर आतून गोंद असलेली नळी चढवून ती तापवावी. मी नाराजीनेच पहिला लग पंच केला. नळीखाली लायटर धरला. ती आक्रसून तारेला घट्ट बिलगली आणि दोन्ही कडांना गोंदाचा एकेक थेंब डोकावला. मग मी सोळाच्या सोळा लग स्वतः केले. साडूंना हात लावू दिला नाही.

बल्बच्या जागी एलईडी घेतले होते. त्यातही एक अडचण निघाली. पांढरा एलईडी लाल काचेमागे लावला तर लाल मंद पडतो, हिरव्या काचेमागे निळसर दिसतो. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडी, हिरवीमागे हिरवा. काचा मात्र जुन्याच होत्या, पिवळट आणि मिठाने धुरकट. त्या मी घरी आणून दंतमंजनाने घासल्या. दोन्ही एकाच मापाच्या. चौथ्या रविवारी संध्याकाळी काचा घेऊन मी नाळेपाशी बसलो, बोटीच्या मागच्या बाजूला तोंड करून, कारण पश्चिमेचा उजेड डोळ्यांवर येत होता. "डाव्यांचा लाल," असं स्वतःशी म्हणत लाल काच आणि लाल दिवा डाव्या हाताला बसवला, हिरवा उजव्या हाताला. स्क्रू या वेळी पितळी. वंगण लावून पिळले, जेणेकरून पुढच्या माणसाने आमच्या नावाने बोटं मोडू नयेत.

अंधार पडला. साडूंनी बटण दाबलं. आणि खरं सांगतो, दोन्ही दिवे असे लागले की बाजूच्या होडीच्या लाकडावर लाल आणि हिरवा डाग पडला. मीटर १२.५ दाखवत होता. साडूंनी मला मिठी मारली. साडू-साडूंमध्ये एरवी अशी पद्धत नाही.

तोच नाखवा वाळूवर उभा होता. आमच्या बोटीसमोर, दहा पावलांवर. बराच वेळ बघत राहिला.

"दिसतंय ना नाखवा?" साडूंनी वरून विचारलं.

"दिसतंय चांगलं," तो म्हणाला. "पण बोट उलटी का चालवताय?"

आम्ही खाली उतरून त्याच्या शेजारी उभे राहिलो. समोरून येणाऱ्या बोटीचा लाल बघणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसायला हवा. आमचा डाव्या हाताला होता. मी बोटीची डावी बाजू सोडून माझी डावी बाजू धरली होती. सोळा लग, वीस मीटर कल्हईची तार, १२.५ व्होल्ट, आणि जगाला आम्ही एक लख्ख, अतिशय स्पष्ट, मैलभरावरून दिसणारी थाप मारत होतो. विझलेला दिवा परवडला असता. त्याच्यावर निदान कोणी विश्वास ठेवला नसता.

काचा आणि दिवे बदलायला वीस मिनिटं लागली. नाखवा टॉर्च धरून उभा राहिला. त्याच्याशी बोलता बोलता विषय एलईडीवर आला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. खोल समुद्रात बोटींवर मोठमोठे एलईडी लावून, उजेडाला भुललेले मासे थव्याने ओढून नेतात. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली, तरी कोळी अजून त्याविरुद्ध मोर्चे काढतायत. "दिवा माशाला दिसायला नाही लावायचा," तो म्हणाला, "दुसऱ्या बोटीला दिसायला लावायचा." आणि टॉर्च माझ्या हातात देऊन निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. साडू त्याला नाखवा म्हणतात आणि तो साडूंना मुलुंड म्हणतो.

३१ मेला बोट ताडपत्रीने शाकारली. दसऱ्यानंतर ती पाण्यात जाईल. तेव्हा वर्सोवा-मढच्या खाडीत संध्याकाळी तुम्ही तरीत किंवा होडीत असाल आणि समोर पाण्यालगत एक हिरवा आणि एक लाल दिवा दिसेल, हिरवा तुमच्या डाव्या हाताला आणि लाल उजव्या, तर समजा आम्ही सरळ तुमच्याकडेच येतोय. सुकाणूवर साडू असतील. जमल्यास तुम्हीच बाजूला व्हा.